पॅनेलची वाकळ की काठाची? कापड घेण्याआधी वाचा

छापील कापडाची वाकळ करायची म्हटलं की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे अख्खं चित्र छापलेलं पॅनेल घ्यायचं, भोवती पट्ट्या जोडायच्या आणि धावदोरा घालायचा. दुसरी म्हणजे कडेला काठासारखी नक्षी छापलेलं बॉर्डर प्रिंट घ्यायचं, मध्ये साधं किंवा ठिगळांचं काम करायचं आणि चारी बाजूंनी तो काठ फिरवायचा. फोटोत दोन्ही सारख्याच झटपट वाटतात, पण तशा त्या नाहीत. ठिगळं जोडत बसण्याचा वेळ दोन्हींत वाचतो हे खरं. मात्र पॅनेल कात्री लावायच्या आधीच छळतं आणि काठ शेवटच्या चार कोपऱ्यांत छळतो. यातला कुठला छळ सोसवेल ते ठरवलं की निम्मा निर्णय झाला.

पुढच्या हिशेबासाठी सिंगल वाकळ ६० बाय ९० इंच धरते आहे.

पॅनेल

गोधडीसाठी म्हणून जे सुती पॅनेल मिळतं, त्याची एक बाजू कापडाच्या पन्ह्याएवढी म्हणजे साधारण ४४ इंच असते आणि दुसरी ३६, लहान असेल तर २४. बाळंतविड्यात द्यायच्या दुपट्याला ३६ बाय ४४ हे माप नेमकं बसतं. अस्तर लावा, गोट फिरवा, झालं. रुखवतात मांडायलाही पॅनेलच शोभतं, कारण तिथे ते लांबून आणि सपाट पाहिलं जातं. या दोन कामांसाठी काठाच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

अंगावर घ्यायची वाकळ मात्र निराळी. पॅनेल उभं ठेवलं तर ६० बाय ९० ला नेताना दोन्ही बाजूंना १२-१२ इंच आणि वर-खाली २३-२३ इंच भरावे लागतात. एवढी असमान चौकट डोळ्याला खुपते. म्हणून वर-खाली ठिगळांच्या ओळी घालाव्यात, नाहीतर सरळ दोन पॅनेल एकाखाली एक जोडावीत. शिवणीची माया जाऊन प्रत्येकी ४३.५ इंच, दोन्ही मिळून ८७. मध्ये तीन इंचांची पट्टी टाकली की ९० भरले. यात एकच अडचण आहे. चित्रातली जनावरं उभी असतात, त्यामुळे वाकळीला वरची-खालची बाजू येते. आमच्या घरात वाकळ हाताला येईल तशी ओढली जाते, त्यामुळे निम्म्या रात्री हरणं उलटीच चरत असतात.

खरी गोची छपाईत आहे. छापताना कापड जरा तिरकं ताणलं गेलं की चित्राची चौकट धाग्याला समांतर राहत नाही. म्हणून दुकानातच टेप मागून घ्या आणि पॅनेलचे दोन्ही कर्ण मोजा. फरक अर्ध्या इंचाचा असेल तर घरी निभावतं: कापड ओलसर करायचं, आखूड कर्णाची दोन टोकं दोघांनी धरून हळूच ओढायची, सपाट वाळवायचं आणि इस्त्री घासत न नेता उचलून दाबायची. फरक इंचाच्या वर गेला तर चित्र कितीही आवडलेलं असू दे, ते सोडा.

कापड छापून झाल्यावर ताणलं गेलं असेल तर एवढं पुरतं. पण तिरकेपणा छपाईतलाच असेल तर ओढून सरळ केलेलं कापड धुतल्यावर पुन्हा मूळपदावर येतं. तिथे धाग्याचा नाद सोडून चित्राच्या रेषेवर कापावं. कडा किंचित उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या होतात आणि ताणतात, म्हणून आधी खळ द्यायची आणि भोवतीची पहिली पट्टी ताग्याच्या लांबीच्या दिशेने कापलेली, म्हणजे न ताणणारी घ्यायची. ही पट्टी पॅनेलच्या कडेला लावून मापू नका, कारण ताणलेली कड खोटं माप देते. पॅनेलच्या मधोमध टेप धरा, तेवढी पट्टी कापा आणि कड पिनांनी तिच्यात सामावून घ्या. वाकळ गादीवर सपाट पडते की कडेला लाटा येतात, हे इथेच ठरतं.

मधला थर काय घालणार यावरही पॅनेलचा निकाल लागतो. मोठं चित्र असलं की त्याच्या तोंडावरून दोरा न्यायला हात धजत नाही. आपण बाह्यरेषेवरून शिवतो आणि मधलं कापड मोकळं सोडतो. आत पिंजलेला कापूस असेल तर दोन-चार धुण्यांत तो त्या मोकळ्या जागेत गोळा होतो. कापसाला दर दोन-तीन इंचांवर टाका हवाच. म्हणून पॅनेलच्या आत फायबरची शीट किंवा जुनं मऊ ब्लँकेट घालावं.

चकचकीत पॉलिस्टरवर फोटोसारखी छापलेली पॅनेलंही मिळतात. मशीनखाली ती घसरतात, इस्त्रीला भितात आणि अंगाला चिकटतात. भिंतीवर टांगायची असेल तर घ्या.

काठ

काठाच्या वाकळीला कापड फार लागतं अशी तक्रार असते. ती अर्धीच खरी आहे. काठ ९ इंचांचा धरू. कोपरे तिरके जोडायचे असतील तर प्रत्येक पट्टी वाकळीच्या बाहेरच्या मापाएवढी लांब लागते. ६०, ६०, ९०, ९०, शिवाय प्रत्येकी दोन इंच माया मिळून ३०८ इंच, म्हणजे पावणेआठ मीटरच्या वर. कापडाला एकाच कडेला काठ असेल तर आठ मीटर घ्यावं लागेल. दोन्ही कडांना असेल तर चार मीटरमध्ये काम होतं. आठ मीटरचा आकडा ऐकून लोक मागे फिरतात. पण काठ काढून उरलेलं ३५ इंच पन्ह्याचं कापड वाया थोडंच जातं? त्याचे ९४ इंचांचे दोन तुकडे शेजारी जोडले की वाकळीचं अस्तर निघतं, वर आणखी तीनेक मीटर ठिगळांसाठी उरतं. पॅनेल घेणाऱ्याला अस्तराचं कापड वेगळं विकत घ्यावं लागतं, हे हिशेबात कुणी धरत नाही.

आता कोपरे. काठाची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते, त्याला दुकानदार रिपीट म्हणतात. चारी कोपरे सारखे दिसावेत यासाठी प्रत्येक पट्टीचा मध्य नक्षीच्या मध्यावर धरायचा, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. तरीही कोपऱ्यात एका बाजूने अख्खी कोयरी येते आणि दुसऱ्या बाजूने अर्धीच. कारण लांब आणि आखूड बाजूंतला फरक. ९० मधून ६० गेले, उरले ३०, त्याचे निम्मे १५. हे १५ इंच रिपीटच्या पटीत असतील तरच कोपरे जुळतात. रिपीट ५ इंच असेल तर बिनघोर राहा. १० असेल तर १५ म्हणजे दीडपट. अशा वेळी आखूड पट्ट्या कोयरीच्या मध्यावर धरा आणि लांब पट्ट्या दोन कोयऱ्यांमधल्या फटीवर, की जुळतं. ८ असेल तर कसंही केलं तरी जुळत नाही. मग वाकळच ५८ बाय ९० ची करायची: ३२ चे निम्मे १६, म्हणजे बरोबर दोन रिपीट. दोन इंच रुंदी गेल्याचं पांघरणाऱ्याला कळतही नाही. हा हिशेब मधलं काम कापण्याआधी झाला पाहिजे, कारण काठ बदलता येत नाही, मधला भाग बदलता येतो.

शिवताना पट्टीची शिवण कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबवायची. मग पट्टी ४५ अंशांत दुमडून नक्षी जुळते का ते बघायचं, आधी कच्चा दोरा घालायचा आणि आतून बाहेरच्या बाजूला शिवत जायचं. हे जमणार नसेल तर कोपऱ्यांत साध्या कापडाचे चौकोन बसवा. त्याला कमीपणा मानू नका, खणासारख्या गडद चौकोनाने काठ उलट उठून दिसतो. राजस्थानातल्या बगरू, सांगानेरचं हातछपाईचं कापड असेल तर ठसा हाताने मारलेला असतो, त्यामुळे रिपीट इथे-तिथे सूतभर सरकलेलं असतं. तिथे कोपरा तंतोतंत जुळणारच नाही, आणि न जुळलेलं खुपतही नाही. पहिल्यांदा काठ लावणाऱ्याने गिरणीच्या काटेकोर छपाईपेक्षा हेच घ्यावं, असं मी सांगेन.

शिवायला बाहेर देणार असाल तर

साताऱ्याच्या आसपासच्या गावांत हाताने वाकळ शिवून देणाऱ्या मावशी अजून आहेत. त्या कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतात. काठाच्या वाकळीला हे काम फार छान बसतं: छापलेल्या रेषा असतातच, दोरा त्यांच्या आधाराने पळतो आणि आत कापूस असला तरी टाके दाट असल्यामुळे हलत नाही. पॅनेल दिलंत तर त्याच शिस्तीचा दोरा मोराच्या डोळ्यावरून आणि बाळकृष्णाच्या गालावरून जाईल. मावशींना "इथून नको, तिथून घाला" सांगत बसण्यात अर्थ नाही. त्यांची पद्धत वाकळ टिकावी म्हणून आहे. पॅनेल स्वतःच्या मशीनवर करायची गोष्ट आहे.

धुण्याचं दोन्हींना सारखंच. सुती कापड आटतं, म्हणून एकतर सगळं कापड आधी धुवा नाहीतर काहीच धुऊ नका. धुतलेलं आणि कोरं एकत्र शिवलं की पहिल्याच धुण्याला सुरकुत्या पडतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल आणि काळा रंग घासून बघा. फडक्याला रंग लागला तर त्याच्याशेजारी पांढरं लावू नका.

कपाटातली तिसरी सोय

कापड घ्यायला खण आळीत फेरी मारण्याआधी कपाटातली एखादी छापील सुती साडी उलगडून बघा. पदर म्हणजे ३६ बाय ४५ चं पॅनेलच, आणि काठ तर दोन्हीकडे आहेच. साडेपाच मीटरच्या साडीतून वारभर पदर कापला की प्रत्येक काठ १८० इंच उरतो. त्यातून ९२ ची एक आणि ६२ ची एक पट्टी निघते आणि नक्षी पुढे-मागे सरकवायला २६ इंच हाताशी राहतात. दोन काठांत मिळून चारी पट्ट्या झाल्या. काठ ९ इंचांपेक्षा बारीक असेल तर मधला भाग तेवढा मोठा धरा, पट्ट्यांची लांबी बदलत नाही.

काठावर चालणारे हत्ती किंवा मोर असतील तर जरा थांबा. साडीचे दोन काठ बऱ्याचदा एकमेकांचं प्रतिबिंब असतात. अशा साडीत एका काठाच्या दोन पट्ट्या एका कोपऱ्यात जोडल्या आणि दुसऱ्याच्या दोन समोरच्या कोपऱ्यात, तर त्या दोन कोपऱ्यांत हत्तींची रांग सलग वळते. उरलेल्या दोनांपैकी एकात हत्ती तोंडाला तोंड देऊन उभे राहतात आणि दुसऱ्यात शेपटीला शेपटी. मला हे आवडतं. ज्यांना नाही आवडत त्यांनी फुला-वेलींचा काठ निवडावा.

कापड विरलं आहे का ते उजेडात धरून आणि दोन्ही हातांनी ताणून बघा. जिथे फाटल्याचा आवाज येईल तो भाग वाकळीच्या आतल्या थराला वापरा. खालच्या काठाचा फॉल उसवला की वरच्या काठाशी रंगात फरक दिसतो, म्हणून उसवल्यावर साडी एकदा धुऊन मगच रंग ताडून पाहा. तरी फरक राहिलाच तर फिक्या काठाची आखूड पट्टी पायाकडे येऊ द्या आणि लांब पट्टी भिंतीच्या बाजूला.