वाळू की मीठ? पुण्याहून वाळवंट बघायला निघालात तर

भाऊबीजेची जेवणं उरकली की आमच्याकडे एक तरी वाद ठरलेला. यंदा विषय होता जानेवारीतली सहल. मामेबहिणीला आठवडाभर रजा, लेक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला, सासरे पंचाहत्तरीचे पण अजून खुटखुटीत. "वाळवंट बघायचंय, पण खरंखुरं. पर्यटकांसाठी मांडून ठेवलेलं नको," एवढीच तिची अट. मग जैसलमेर की कच्छ? मी जैसलमेरला एकदा आणि कच्छला दोनदा जाऊन आलोय, त्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात पडला. बासुंदी खाऊन झाल्यावर निवाडे घाईत होतात, म्हणून आता जरा नीट मांडतो.

आधी ते 'खरंखुरं'. तिच्या डोळ्यांपुढे उंट, फेटा आणि वाळूवरचा सूर्यास्त. माझा हिशेब निराळा आहे. आपल्याकडे गावगाड्यात बलुतं होतं ना, सुताराने नांगर दुरुस्त करायचा आणि खळ्यावर धान्य न्यायचं, तसलंच काहीतरी वाळवंटात जास्त घट्ट विणलेलं असतं. पाऊसच नाही म्हटल्यावर एकट्याच्या जिवावर कुणाचं भागत नाही. कोण कुणासाठी गातो, कोण कुणाचं कापड रंगवतो, लोकर कुठून येते, तूप कुठे जातं, हे कळलं तर मुलूख कळला. आता हे पाहुण्याला कुठे बघायला मिळेल, ते पाहू.

पाण्यापासून सुरुवात करतो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत टँकर उभा असतो. जैसलमेरला पडतो दोनशेच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी. तिथे पालीवाल ब्राह्मणांनी खडीन बांधले. खडकाळ उताराच्या तळाशी मातीचा लांबलचक बांध घालायचा, वरून वाहून आलेलं पाणी तिथे अडवून जिरवायचं आणि त्या ओलीवर रब्बीला गहू-हरभरा पेरायचा. नंतर पाण्याची पाळी द्यावी लागत नाही. कुलधरा या त्यांच्या सोडून दिलेल्या गावात गाइड तुम्हाला शापाची आणि भुतांची गोष्ट सांगेल. ऐकून घ्या, पण ज्यांनी हे बांध घातले त्यांचं हे गाव, एवढं डोक्यात ठेवून फिरा.

कच्छच्या बन्नी गवताळ भागात मालधारी, म्हणजे गुरं राखणारे लोक, 'विरडा' खणतात. तळ्याच्या कोरड्या पात्रात उथळ खड्डा घ्यायचा. जमिनीखालचं पाणी खारं आणि जड, मुरलेलं पावसाचं गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं. बेताबेताने उपसलं तर गोडं मिळतं, हाव केली की खारं वर येतं.

गाण्यात जैसलमेर पुढे आहे, आणि थोडंथोडकं नाही. मांगणियार हे मुसलमान वादक-गायक, त्यांचे यजमान बहुतेक हिंदू राजपूत. पिढ्यान्‌पिढ्या अमुक घराण्याने तमुक घराण्याकडे गायचं हे ठरलेलं. मूल झालं, लग्न निघालं की मांगणियार दारात हजर. तो यजमानाच्या पूर्वजांची नावं घेत शुभराज म्हणतो आणि बदल्यात धान्य, जनावर, पैसा, मान घेऊन जातो. लंगा समाजाचं असंच नातं सिंधी सिपाही मुसलमानांशी. कमायचा हे मांगणियारांचं खास वाद्य. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर कातडं, आतड्याच्या तारा. हमीरा गावच्या साकर खाँ यांना कमायच्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि कोमल कोठारी नावाच्या माणसाने, लेखक विजयदान देथांच्या सोबतीने, बोरुंदा गावात १९६० मध्ये रूपायन संस्थान काढून ही गाणी ध्वनिमुद्रित केली नसती, तर आपण आज ती कुठे ऐकली असती कोण जाणे.

पण जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत, तंबूच्या छावणीत, मी काय ऐकलं? तोच खडताल, तेच गळे आणि फर्माइशी हिंदी सिनेमाच्या. साडेनऊला कलाकार उठले, डीजे लागला आणि बारापर्यंत थांबला नाही. छावणीवाल्याने बुकिंग घेताना 'पारंपरिक लोकसंगीत संध्या' असं सांगितलं होतं, आणि ती होती खरी, चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी चालकाच्या ओळखीने एका गावात गेलो. अंगणात बाजेवर बसून एक म्हातारबुवा कमायचा जुळवत होते. जुळवण्यातच दहा मिनिटं गेली. खुंटी पिळायची, तार बोटाने छेडायची, मान हलवायची, परत पिळायची. शेजारी नातू बोटांत लाकडी पट्ट्या धरून खडतालचा सराव करत होता, मध्येच चुकला की खुदकन हसायचा. मग आजोबांनी गायलं ते आमच्यासाठी नव्हतंच. पुढच्या आठवड्यात यजमानाकडे लग्न होतं, त्याची उजळणी चालली होती. आम्ही आपले चहा पीत बसलो. जैसलमेरचं बलुतं असं अजून जितंजागतं आहे, फक्त तिकीट काढून दिसत नाही. ओळख, सवड आणि नशीब तिन्ही लागतं.

हातकामात मात्र कच्छशी बरोबरी नाही, आणि इथे बहिणीची लेक हरखून जाईल.

अजरख घ्या, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं कापड. खत्री लोक छापायचे आणि मालधारी पुरुष लुंगी, फेटा, खांद्यावरचं कापड म्हणून वापरायचे. चांगला अजरख दोन्ही बाजूंनी सारखा छापतात. सांगतात असं की पहाटे अंधारात उठणाऱ्या गुराख्याला सुलट-उलट बघायला लागू नये. आधी कापड धुऊन हिरड्यात बुडवायचं. मग चुना आणि डिंक यांचा लेप ठशाने उमटवायचा, म्हणजे तेवढा भाग पांढरा राहतो. काळा रंग भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून होतो. त्या पिंपाचं झाकण उघडलं की गंजाचा आणि काकवीचा असा काही मिश्र वास येतो की मी दोन पावलं मागे सरलो. मग तुरटी, नीळ, मंजिष्ठासारखा लाल, आणि मध्ये मध्ये नुसतं धुणं आणि वाळवणं. कापड हातात यायला चौदा-सोळा टप्पे. छापणारा ठसा टेकवतो आणि मुठीने वर एक ठोका देतो. डोळ्याने जुळवतो, पट्टीबिट्टी काही नाही.

या सगळ्याचा जीव धुण्याच्या पाण्यात. धमडका गावची सारण नदी आटली, २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडू लागले. तेव्हा खत्र्यांनी भुजजवळ जागा घेऊन नवं गावच वसवलं, त्याचं नाव अजरखपूर. पाण्यासाठी गाव हलवणारा समाज बघायचा असेल तर भुजपासून रिक्षाने जाता येतं.

आता बलुत्याचं विचाराल तर इथे ते बरंचसं तुटलंय. स्वस्त पॉलिएस्टर आलं आणि मालधारी तिकडे वळले. खत्र्याचं गिऱ्हाईक आज दिल्ली-मुंबईत आणि आपल्या लक्ष्मी रोडवर आहे. भुजोडी गावचे वणकर, म्हणजे विणकर, पूर्वी रबारी मेंढपाळांच्या मेंढ्यांची लोकर रबारींसाठीच विणायचे, आता शाली शहरात जातात. म्हणजे कला टिकली, नातं बदललं. मला त्यात खोटं काही वाटत नाही. वापरणारा गेला तरी करणारा त्याच निगुतीने करतोय, आणि दार उघडं ठेवून करतोय. कुणाच्या ओळखीची गरज नाही.

भरतकामाची एक गोष्ट सांगायलाच हवी. ढेबरिया रबारींत मुलीने आपल्या हुंड्याचं भरतकाम स्वतः करायचं, आणि ते इतकं वाढलं की वर्षानुवर्षं लग्नं रखडायला लागली. शेवटी १९९० च्या दशकात पंचांनी स्वतःसाठीच्या भरतकामावर बंदी घातली. बायकांनी काय करावं? भरतकाम नको ना, मग तयार फिती, लेस आणि शिलाई मशीन वापरून तितकेच भडक, तितकेच देखणे कपडे शिवले. एखादा संग्राहक म्हणेल, हे कपडे अस्सल नाहीत. मी म्हणतो, यांच्याइतकं अस्सल मी त्या सहलीत दुसरं काही पाहिलं नाही.

नमुने एकत्र बघायचे तर अजरखपूरला श्रुजन संस्थेचं संग्रहालय आहे. चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ च्या दुष्काळात बायकांना काम मिळावं म्हणून संस्था सुरू केली. सूफ भरतकाम कापडाच्या उलट्या बाजूने, धागे मोजून करतात, ते तिथे नीट कळतं. हे काम येणारी सोढा कुटुंबं १९७१ च्या युद्धानंतर सिंधच्या थरपारकरमधून आली. खरं तर अजरख, सूफ, मांगणियार, कच्छी बोली, सगळ्यांची मुळं सीमेपलीकडे पोचतात. सीमारेषा नंतर आली.

माझी फजिती: पहिल्या खेपेला रणाच्या, म्हणजे मिठाच्या वाळवंटाच्या, वाटेवरच्या एका दुकानातून 'हाताने भरलेला' पडदा घेतला. घरी बायकोने उलटा केला आणि मशीनचा दोरा दाखवला. तेव्हापासून मी कापड आधी उलटं करतो, मग भाव विचारतो.

इमारतींत जैसलमेरचा किल्ला केव्हाही उजवा. ११५६ मध्ये रावल जैसल यांनी वसवला, आजही आत लोक राहतात, पिवळा दगड संध्याकाळी पेटल्यासारखा दिसतो. मात्र मुक्काम किल्ल्याच्या बाहेर करा. पाण्याविना उभ्या राहिलेल्या या किल्ल्याला आता हॉटेलांचं सांडपाणीच पोखरतंय. कच्छमध्ये भुंगे बघा, गोल मातीची घरं, आत मातीचं आणि आरशांचं लिंपण. भूकंपात भुजमधल्या इमारती कोसळल्या, कितीतरी भुंगे उभे राहिले. शिवाय कच्छला मांडवी बंदर आहे, धोलावीराचे हडप्पाकालीन अवशेष आहेत, आणि पुणेकरांना हे ऐकून बरं वाटेल की काळा डुंगर या टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे, तिथे आरतीनंतर प्रसाद कोल्ह्यांना घालतात.

खाणं? दोन्हीकडे बाजरी, त्यामुळे सासऱ्यांची सोय झाली. जैसलमेरला केर-सांगरी चुकवू नका. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी. तिथल्या देवाच्या नावाने राखलेल्या रानाला ओरण म्हणतात, आपल्या देवराईचं सख्खं भावंड. अशाच मोकळ्या माळांवर आपला माळढोक तग धरून आहे. कच्छला दाबेली मांडवीची, आणि रणाकडे जाताना भिरंडियाराचा मावा. तो मावा बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा. या म्हशी रात्री आपल्या आपण चरायला जातात आणि पहाटे आपल्या आपण घरी येतात, मागे गुराखी नाही. गवत मात्र कमी होतंय, कारण खारी जमीन रोखायला १९६० च्या दशकात लावलेली वेडी बाभूळ सगळीकडे पसरली. कच्छी लोकही तिला 'गांडो बावळ' म्हणतात, अर्थ तोच.

पांढऱ्या रणाबद्दल थोडक्यात: एक संध्याकाळ पुरे. डिसेंबर अर्धा उलटल्याशिवाय जाऊ नका, आधी मीठ ओलं असतं. परवाना लागतो, ओळखपत्र ठेवा. तंबूनगरीत राहण्यापेक्षा मुक्काम भुजला करा, गावं तिथूनच जवळ. जैसलमेरला जोधपूरवरून पुढे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर आहे, त्यात जाता-येता एकेक दिवस मोडतो. पुण्याहून भुजला थेट गाडी आहे, पण रोज नाही, वार बघून रजा टाका.

म्हणून बहिणीला सांगितलं, घरच्यांबरोबर सात दिवस असतील तर कच्छ. जैसलमेरला दोघंच जा, दहा दिवस घेऊन, समची छावणी टाळून, गाण्यासाठी. लेकीने तेव्हाच मोबाइलवर अजरखपूर शोधायला घेतलं.

काल तिचा फोन आला, तिकिटं झाली. सासरे वाळू नाही म्हणून आधी कुरकुरले, पण आता त्यांनी एकच मागणी केलीये. त्यांना रण नको, किल्ला नको, त्यांना पहाटे पाचला उठून बन्नीत त्या घरी परतणाऱ्या म्हशी बघायच्यात. लहानपणी शिरूरला यांच्या गोठ्यातली एक म्हैस रोज हुंदडायची आणि शोधायला यांनाच पाठवायचे म्हणे.