शनिवार-रविवारसाठी चार कमी पैशांतले सिनेमे

‘वन कट ऑफ द डेड’ (जपान, २०१७) पहिली ३७ मिनिटं बंद करायचा नाही, एवढी एकच अट. बंद पडलेल्या जलशुद्धीकरण केंद्रात झॉम्बीपटाचं शूटिंग चाललंय आणि सगळं एकाच सलग शॉटमध्ये. नट अडखळतात, संवादांत विचित्र खंड पडतात, कॅमेरा मध्येच जमिनीवर पडून राहतो. बरेच जण इथेच रिमोट उचलतात. पण यातली प्रत्येक गफलत मोजूनमापून पेरलेली आहे. उरलेल्या तासाभरात तिचा हिशेब लागतो आणि हसून पुरेवाट होते. शिनिचिरो उएदानं हे साधारण ३० लाख येनमध्ये जमवलं. ट्रेलर बघू नका. २०२२ चा फ्रेंच ‘फायनल कट’ हा त्याचाच रिमेक, तो आधी पाहिलात तर गंमत गेलीच. चारचौघांत बघावा, पण रक्ताचे फवारे आहेत, लहान मुलं नकोत.

‘कोहिअरन्स’ (२०१३) मात्र अंधारात आणि मोठ्या पडद्यावर. आठ मित्र जेवायला जमतात, धूमकेतू जवळून जातो, वीज जाते. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किटच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत शूटिंग झालं. नटांना बांधीव संहिता नव्हती, रोज प्रत्येकाला फक्त त्याच्यापुरत्या सूचना. म्हणून त्यांचा गोंधळ इतका खरा वाटतो. पडदा मधूनच काळा होतो, तो बिघाड नाही. चमकणाऱ्या कांड्यांचे (ग्लो स्टिक्सचे) निळे-लाल रंग लक्षात ठेवा, कोडं त्यावर उभं आहे. फोनवर नाइट मोड चालू असेल तर निळा रंग मळकट दिसतो आणि मग काहीच कळत नाही.

‘प्रायमर’ (२००४) ७७ मिनिटांचा. खर्च सुमारे ७,००० डॉलर, तरी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं ज्युरींचं मोठं पारितोषिक. इंग्रजी उत्तम असली तरी सबटायटल्स लावाच, कारण पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. गोष्ट कालप्रवासाची, यंत्र म्हणजे एक पेटी. एक नियम पक्का धरा: काळात सहा तास मागे जायचं तर पेटीत सहा तास पडून राहावं लागतं. तरीही शेवटचा भाग पहिल्या खेपेला डोक्यावरून जाणार. काळाचे तक्ते नेटवर आहेत, ते दुसऱ्यांदा बघताना उघडा. भावनेच्या बाबतीत सिनेमा कोरडाच आहे.

‘फॉलोइंग’ (१९९८) हा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलानचा पहिला सिनेमा, ७० मिनिटं, कृष्णधवल. क्रम विस्कटलेला आहे, तो नायकाच्या तोंडावरून लावायचा: वाढलेले केस म्हणजे सुरुवातीचा काळ, कापलेले केस आणि सूट म्हणजे नंतरचा, सुजलेला चेहरा म्हणजे त्याहून पुढचा.

टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग (हालचाल सफाईदार दाखवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सबटायटल्सची फाइल वेगळी जोडत असाल आणि ती सुरुवातीला जुळून तासाभरानं अडीच मिनिटं सरकली, तर ती सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) प्रतीसाठी बनलेली आहे आणि तुमची प्रत २३.९७६ ची, किंवा उलट. पुढे-मागे सरकवून भागणार नाही, फाइलच बदला.