पोळीभाजी केंद्रवालीची कंबर आणि व्यायामाचं सेंटर: पाचपैकी चार तारे

सेंटर डोंबिवली पूर्वेला आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्यात आणि तिथल्या मॅडम आमच्याच गल्लीत राहतात. ज्याला हवं त्याने दुकानावर येऊन विचारावं, सांगेन.

माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे पाचला ओट्यापुढे उभं राहायचं ते डबेवाले जाईपर्यंत. तीनशेच्या आसपास पोळ्या, मदतीला दोघी. कणकेची परात उचलणं, सिलेंडर सरकवणं, खालच्या रॅकमधून तेलाचा डबा काढणं, सगळं कमरेवर. वय चौपन्न. दोन वर्षं कंबर धरून होती. एमआरआय झाला, त्यात एल४-एल५ आणि एल५-एस१, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधल्या गाद्यांची झीज, मणक्यांच्या मागच्या सांध्यांचीही झीज. रिपोर्ट वाचून आमच्या वन्संनी मला अंथरुणालाच खिळवलं होतं. ‘गॅप पडलाय, आता वाकू नकोस.’ वाकू नको तर पोळ्या कोण लाटणार?

या सेंटरच्या आधी दुसरीकडे शेक, करंट आणि वजन लावणं (म्हणजे वजन टांगून कंबर ताणणं), असा सगळा कार्यक्रम केला. बेडवर पडायचं, मशीन चालू, मुलगी बाहेर मोबाइल बघत बसलेली. दोन-तीन तास बरं वाटायचं, संध्याकाळी भाकऱ्यांची ऑर्डर आली की परत तेच. कमरेचा पट्टाही घेतला. तो आता आमच्या ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत आहे.

इथे पहिल्या दिवशी मॅडमनी तासभर दिला आणि एकही मशीन लावलं नाही. प्रश्नच प्रश्न. सकाळी उठताना दुखतं की उभं राहून, खोकल्यावर कळ पायात जाते का, झोप कशी लागते, ओटा किती उंच आहे. मग टेबलावर पाण्याची रिकामी बाटली ठेवली आणि म्हणाल्या, ‘काकू, ही लाटणं समजा आणि नेहमी लाटता तशा लाटून दाखवा.’ इतक्या डॉक्टरांकडे गेले, पण माझं काम कुणी बघितलं नव्हतं. चवड्यांवर आणि टाचांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आहे का, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो का, हेही न लाजता विचारलं. एमआरआय सगळ्यात शेवटी उघडला.

उघडल्यावर जे सांगितलं त्याने माझी निम्मी भीती गेली. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांचे स्कॅन तपासलेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात पन्नाशीच्या ८० टक्के लोकांमध्ये गाद्यांची झीज दिसली, विशीतल्या पोरांमध्येसुद्धा ३७ टक्के. म्हणजे झीज दिसली म्हणून दुखणं तिथूनच येतंय असं धरून चालता येत नाही. माझा मुलगा कशावरच विश्वास ठेवत नाही, त्याने रात्री बसून शोधलं. आकडे बरोबर निघाले.

आता व्यायाम. सुरुवात इतकी साधी की पैसे फुकट गेले असं वाटतं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर जमिनीला टेकवायची आणि सोडायची. मग त्याच अवस्थेत ढुंगण वर उचलून धरायचं. मग हातागुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, पाठ हलू द्यायची नाही. कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर अंग तोलून धरण्याचा एक प्रकार आहे, तो मला अजूनही आवडत नाही आणि मॅडम तो सोडत नाहीत.

खरी गंमत काठीची. एक लांब काठी पाठीमागे धरायची, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकली पाहिजे, आणि काठी न सुटता खुब्यातून वाकायचं. हे जमायला मला बराच वेळ लागला. जमल्यावर हातात कडी असलेलं लोखंडी वजन दिलं, आधी चार किलो, मग आठ, आता बारा. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, ‘काकू, भरलेली परात किती किलोची?’ घरी येऊन वजनकाट्यावर ठेवली, साडेआठ भरली. ती मी रोज उचलतच होते, फक्त तयारी न करता. सेंटरमध्ये बारा उचलायची सवय झाल्यावर परातीचं काही वाटेनासं झालं, आणि मला विचाराल तर या सेंटरचे पैसे तिथेच वसूल झाले.

दुखण्याचा नियमही सांगितला. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालू द्यायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकं खाली आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम बंद नाही करायचा, वेळा कमी करायच्या. त्यासाठी वही ठेवायला लावली. माझी वही उधारीच्या वहीतच मागच्या पानांवर आहे.

आणि ओटा! पोळपाटाखाली ठेवायला सुताराकडून लाकडी खोका करून घेतला, आता लाटताना कंबरेतून वाकावं लागत नाही. जमिनीवर एक पाट, त्यावर आलटून पालटून एकेक पाय. अर्ध्या तासाने काम बदलायचं, लाटणं दुसरीकडे देऊन मी भाजी चिरायला बसते. सुताराने खोक्याचे जे घेतले त्यात करंटच्या दोन बैठका झाल्या असत्या.

दुखणं गेलं का? नाही. वाईट दिवशी सात असायचं, आता तीन असतं, सणाच्या ऑर्डरीला पाच. व्यायामाबद्दल कुणी ‘महिन्यात कायमची सुट्टी’ म्हणत असेल तर उठून या. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिने २०२१ मध्ये जुन्या कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांचं दुखणं शंभर गुणांच्या मापावर सरासरी पंधरा गुणांनी कमी निघालं. एवढंच, पण माझ्यासारखीला तेवढ्यात दुकान चालवता येतं. ठरावीक एक आजार सापडत नाही अशा जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि नीट समजावून सांगणं आहे, वजन लावून कंबर ताणणं, अल्ट्रासाउंड मशीनचा उपचार आणि कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय. तरी आमच्या भागातल्या निम्म्या पाट्यांवर तेच मोठ्या अक्षरात.

आता एक तारा कशाला कापला. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कंबरदुखीवाल्यांसाठी! संध्याकाळच्या बॅचला आठ-दहा माणसं आणि मॅडमसोबत एकच शिकाऊ मुलगी, मग काठीवाला व्यायाम कोण कसा करतंय याकडे लक्ष राहत नाही. तीन महिन्यांचे पैसे आधी घेतात आणि चुकलेली बैठक बुडीत. श्रावणात पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी असतात हे मी आधीच सांगितलं होतं, तरी बुडाल्याच. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवतात ते व्यायामाचे व्हिडिओ इंग्रजीत, चकचकीत जिममधल्या गोऱ्या पोरीचे. बाजूच्या चटईवरच्या आजींना मी तोंडी समजावते. दोन ओळी मराठीत लिहून दिल्या तर काय बिघडेल?

मात्र एक गोष्ट पाहिली ती सांगितलीच पाहिजे. एक गृहस्थ व्यायामासाठी पैसे भरायला आले होते, बोलता बोलता म्हणाले की चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते, कळतही नाही. मॅडमनी पाऊल वर उचलायला सांगितलं, उचललं जाईना. पैसे घेतले नाहीत, चिठ्ठी लिहून त्याच दिवशी हाडांच्या सर्जनकडे पाठवलं. पायातली ताकद जाणं, लघवी-संडासचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, दुखण्यासोबत ताप, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तर माझा हा अभिप्राय वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

बाकीच्यांनी जायचं तर सकाळी साडेदहाची बॅच मागा, तेव्हा तीन-चारच जण असतात. पैसे महिन्याचेच भरतो म्हणून हट्ट धरा, धरला की ऐकतात. टॉवेल आपला न्या, तिथल्या चटया घामट असतात.