पॅरिस ते ॲमस्टरडॅम: नौपाड्यातल्या टूर ऑफिसची युरोप सहल, ५ पैकी ३

कागदपत्रं, व्हिसा, हॉटेलं यांची तयारी चोख. घोळ आहे तो सहाव्या दिवसात. पत्रकात ‘पॅरिस–ॲमस्टरडॅम, बसने ५ तास’ असं छापलंय. हे जमणारं नाही.

अंतर साधारण ५०० किमी, म्हणजे ठाणे–पणजीपेक्षा थोडं कमी. पण तिथल्या बसला ताशी १०० किमीचा स्पीड लिमिटर असतो, आणि साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची. त्यात पॅरिसमधून बाहेर पडताना आणि वाटेत बेल्जियममधल्या अँटवर्पच्या रिंग रोडवर ट्रॅफिक. साडेसात-आठ तास धराच. संध्याकाळची कालव्यातली बोटफेरी मग हुकणारच.

युरोस्टार ट्रेन हेच अंतर सुमारे साडेतीन तासांत कापते, तेही पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनहून थेट ॲमस्टरडॅम सेंट्राल. विमानाचा प्रवास साधारण सव्वा तासाचा, पण दोन्हीकडचे विमानतळ शहराबाहेर, त्यामुळे वेळ वाचत नाही. ट्रेनचं तिकीट मात्र लवकर काढायला हवं, दिवस जवळ आले की भाडं चढतं.

बुकिंगच्या वेळीच ‘या टप्प्याला ट्रेन द्या’ म्हणून सांगा आणि तसं लेखी घ्या.