सिडकोतलं मोफत बीपी शिबिर आणि 18 हजारांची पावडर : नाशिककरांनो, घरच्या मोठ्या माणसांना हे वाचून दाखवा

नाशकात थंडी पडली की बीपीवाल्यांचे आकडे थोडे वर जातातच, आणि नेमकं त्याच दिवसांत मोफत तपासणी शिबिरांची पत्रकं पेपरात घालून यायला लागतात. सगळी शिबिरं वाईट नसतात हे आधीच सांगतो, बरीच माणसं मनापासून करतात. पण सिडकोतल्या एका शिबिरात माझ्या वडिलांना ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत लोकांना कळायलाच हवी, पैसे गेले ते गेले पण जिवावर बेतलं होतं हो.

अण्णा 67 वर्षांचे, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले. बीपी जुनंच, टेल्मिसार्टन 40 आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 एकत्र असलेली गोळी रोज सकाळी एक, आणि त्यावर 130/80 च्या आसपास व्यवस्थित चाललेलं होतं. पत्रकात लिहिलेलं, बीपी आणि हार्ट ब्लॉकेज मुळापासून बरे, आयुष्यभराच्या गोळ्यांतून सुटका. मी अंबडला ड्युटीवर, अण्णा आणि आई दोघंच गेले.

आता तिथे काय झालं ते नीट वाचा. हॉल वरच्या मजल्यावर, जिना चढून गेल्यावर लगेच रांगेत उभं केलं, नंबर आला की उभ्या उभ्याच स्वेटरवरून पट्टा बांधला आणि मशीन चालू असताना तो मुलगा सारखे प्रश्न विचारत होता, काका जेवण काय करता, झोप लागते का. आकडा आला 168/98. मग पाण्यात पावडर कालवून दिली, खुर्चीत टेकून बसवलं, काका डोळे मिटा, बोलू नका, रामनाम घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी स्वेटर काढायला लावला, हात टेबलावर ठेवला, परत मोजलं तर 142/84. दोन्ही आकडे कार्डावर लाल पेनने लिहून दिले, ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. आई सांगते, तो आकडा ऐकून हॉलमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यात पावडरीने काहीच केलेलं नाही. जिना चढून आलेल्या, उभ्या असलेल्या, बोलत असलेल्या माणसाचं बीपी जाड कपड्यावरून मोजलं तर ते जास्त येणारच, आणि तोच माणूस शांत बसला की खाली येणारच, नुसतं पाणी पाजलं असतं तरी आलं असतं. बरोबर मोजायचं तर आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून आणि पाय जमिनीवर सरळ ठेवून बसायचं, पायावर पाय टाकायचा नाही, उघड्या दंडावर पट्टा, हात छातीच्या लेव्हलला आणि मोजताना गप्प. पट्टा दंडाला लहान पडला तरी आकडा जास्त दाखवतो. एकदाच मोजून ठरवायचं नाही, एक-दोन मिनिटांच्या अंतराने परत मोजायचं.

दुसरी फसवणूक याहून वाईट. पांढरा कोट घातलेला जो माणूस होता तो म्हणाला, काका आजपासून गोळी बंद, या गोळ्या किडनीला विष आहेत, आणि घरच्यांना आत्ता काही बोलू नका, रिझल्ट दिसला की मग सांगा. तीन महिन्यांच्या कोर्सचे 18 हजार रोख घेतले. अण्णांनी खरंच गोळी बंद केली, आणि पहिले काही दिवस कॉलनीतल्या मेडिकलवर मोजलं तर बीपी ठीकच! त्यांचा विश्वास अजून घट्ट बसला. हे का झालं ते आमच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार हळू जातं, निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे गोळी थांबवली तरी काही दिवस तिचाच असर चालू असतो. मोटर बंद केली तरी टाकीतलं पाणी नळाला येत राहतं ना, तसं. त्या लोकांना हे पक्कं माहीत असणार, कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलेलं की आठवडाभर रोज मोजा आणि फरक बघा. आठवड्यानंतरचं कुणीच बोललं नाही.

नंतर डोक्याच्या मागच्या बाजूला दुखायला लागलं, अण्णा म्हणायचे थंडीमुळे असेल. एका रात्री उलटी झाली, डोळ्यासमोर धूसर दिसायला लागलं, घरच्या मशीनवर 204/116. शेजारचे काका बिचारे पळत आले, बीपीची गोळी जिभेखाली ठेवू म्हणाले, मी ठेवू दिली नाही आणि सरळ गाडी काढली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले तेच बरं केलं, कारण बीपी एकदम धाडकन खाली आणलं तर मेंदूला रक्त कमी पडू शकतं, ते मॉनिटर लावून हळूहळूच उतरवायचं असतं. ईसीजी, डोक्याचा सीटी, क्रिएटिनिन म्हणजे किडनीची रक्ततपासणी, सगळं झालं. देवाच्या कृपेने पॅरालिसिस झाला नाही. तेव्हा कुठे आईने कपाटातून तो पावडरीचा डबा काढून दाखवला. डब्यावर घटक लिहिलेले नाहीत, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. मी आयुर्वेदाच्या विरोधात अजिबात नाही, आई वैद्यांचं औषध घेते, पण खऱ्या औषधावर हे सगळं छापलेलं असतं. डॉक्टर म्हणाले नुसतं ज्येष्ठमध जरी भरपूर असेल तरी बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, म्हणजे नैसर्गिक आहे म्हणून चालेल असं नसतं.

किडनीची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून हे पण लिहितो. किडनी खराब करतं ते वाढलेलं बीपी. टेल्मिसार्टन तर लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या डायबेटिसच्या पेशंटला किडनी सांभाळण्यासाठी देतात, फक्त मधूनमधून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. गोळी घेऊन बीपी नॉर्मल आहे म्हणजे गोळी काम करतेय, आजार गेला असं नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर डॉक्टर डोस कमी करतातही, पण ते त्यांनी करायचं. मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत हवं, त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं, आणि सैंधव पण शेवटी मीठच आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू त्याच शिबिराला गेलेल्या, त्यांना हार्टच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळी टाकलेली, आणि त्यांना रक्त पातळ करायची गोळी बंद करायला सांगितलेलं! मुलाच्या वेळेत लक्षात आलं म्हणून ठीक, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा बीपी-हार्टच्या गोळ्या अचानक बंद केल्या तरी धडधड, छातीत दुखणं सुरू होऊ शकतं. छातीवर दाब, घाम, दम लागणं, दुखणं जबड्यात किंवा हातात जाणं असं काही वाटलं तर अ‍ॅसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, 108 ला फोन लावा. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा मळमळतं.

शिबिरवाल्यांचा फोन आता बंद आहे. पावतीवर "सहयोग राशी" लिहिलंय, पत्ता नाही, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. बीपी आणि हार्टचे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे ते पत्रक स्वतःच पुरावा आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार दिलीय, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण नोंदवलीय. सिडको, अंबड, पाथर्डी फाटा भागातून अजून कुणी तिथे पैसे भरले असतील तर पत्रक, कार्ड, पावती आणि डबा काहीही फेकू नका आणि डबा उरलेल्या पावडरीसकट ठेवा, ती तपासायला लागणार आहे. आणि गोळी बंद केली असेल तर तक्रारीचं नंतर बघू, आधी आजच्या आज आपल्या डॉक्टरांना जाऊन भेटा.