बॉस कटाना ५० मार्क टू: घरी वाजवायचं, रेकॉर्ड करायचं, तर घ्यावा का?

सरळ मुद्द्यावर येतो. ज्याला घरी खोलीत गिटार हेडफोनशिवाय, स्पीकरवर ऐकायची आहे, म्हणजे शेजारी चालवून घेतील इतपत आवाजात, आणि मधून मधून काही रेकॉर्डही करायचं आहे, त्याने हा इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प बिनधास्त घ्यावा. पण ज्याचं सगळं वाजवणं रात्री अकरानंतर घरचे झोपल्यावर हेडफोन लावूनच होते, त्याने काहून घ्यावा हा बारा इंची स्पीकरचा डबा? त्याने इंटरफेस, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडायची छोटी डबी, घ्यावा, उरलेल्या पैशात गिटारचा सेटअप करून घ्यावा आणि चांगल्या तारा टाकाव्या. ज्याला घाई आहे त्याने इथूनच सुटावं, बाकीच्यांनी बसा, कारण मी यावर जरा जास्तच बोलणार आहे.

कटाना हा मॉडेलिंगवाला अ‍ॅम्प आहे, तर मॉडेलिंग म्हणजे काय ते थोडक्यात. जुन्या ट्यूबच्या अ‍ॅम्पची मजा कधी येते, तर तो ताणल्यावर. ट्यूब तापल्या, पॉवर सेक्शन दमला, स्पीकर थरथरला की तो फाटका गोड आवाज निघते, आणि तोपर्यंत आपल्या बिल्डिंगमधली अर्धी पब्लिक जिन्यात जमा झालेली असते. मॉडेलिंगवाल्या अ‍ॅम्पमध्ये हे ताणलेलं वागणं आतला प्रोसेसर गणित करून काढतो, म्हणून कमी आवाजातही तसं काहीसं ऐकू येते. लाइन ६ कंपनीचा असा अ‍ॅम्प, अ‍ॅक्सिस २१२, आला १९९६ मध्ये, मग १९९८ मध्ये तो लाल किडनीच्या आकाराचा पॉड, म्हणजे स्पीकर नसलेली मॉडेलिंगची डबी, आला आणि घरी रेकॉर्ड करणाऱ्यांची चंगळ झाली. बॉस म्हणजे रोलँडचंच घराणं, आणि रोलँडने १९९५ मध्येच गिटारसाठी व्हीजी-८ हा प्रोसेसर काढून हे मॉडेलिंगचं प्रकरण सुरू केलं होतं, त्यामुळे हे लोक यात नवे नाहीत. कटाना २०१६ मध्ये आला, मार्क टू २०१९ मध्ये, आणि २०२४ मध्ये तिसरी पिढी आली. मी मार्क टू वापरून राहिलो, म्हणून त्याचंच सांगतो.

घरासाठी सगळ्यात कामाचं बटण कोणतं, तर पॉवर कंट्रोल. त्यात ५० वॅट, २५ वॅट आणि अर्धा वॅट असे टप्पे आहेत. ऐकायला वाटते की ५० वरून अर्ध्यावर आलो म्हणजे आवाज शंभरपट कमी, पण कानाचं गणित तसं नसते. पॉवर दहापट कमी झाली की १० डेसिबल उतरतात आणि कानाला ते साधारण निम्मं वाटते. म्हणजे शंभरपट कमी करूनही कानाला आवाज चौथाईवर आल्यासारखाच वाटतो. म्हणून अर्धा वॅट म्हणजे मोबाईलच्या स्पीकरएवढा आवाज असं समजून कोणी घेऊ नका, अर्ध्या वॅटवरही मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, अर्ध्यावर नेला की बाजूच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत नाही. आम्ही नागपुरात मनीष नगरला फ्लॅटमध्ये राहतो, दुपारी वाजवायचं असलं तर अर्धा वॅट, मास्टर नऊ वाजल्यावर काटा असतो तेवढा, बस. तरी खालच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलंच, "काय रे, वॉशिंग मशीन नवीन घेतली का? वरून घूं घूं येऊन राहिलं." म्हटलं, "नाही काकू, गिटारचा डबा आहे." तर म्हणे, "मग वाजव ना बापा, पण ते जमिनीवर नको ठेवू."

आणि काकू शंभर टक्के बरोबर बोलल्या. बारा इंची स्पीकरचा खालचा बेस फरशीत उतरतो आणि स्लॅबमधून सरळ खाली जातो, वरचा आवाज कमी असला तरी ती घरघर जाते. लाकडी स्टूल घ्या, त्याखाली जाड फोम किंवा जुनी गादी घडी करून ठेवा, त्यावर अ‍ॅम्प. दुसरा फायदा असा की स्पीकर तुमच्या गुडघ्यांकडे न बघता कानाकडे बघतो. अर्धे लोक अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून वरून उभे राहून ऐकतात, वरचा तीक्ष्ण भाग कानाला मिळत नाही म्हणून ट्रेबल वाढवत जातात आणि मग समोर बसलेल्याचे कान सोलून निघतात.

अजून एक. कमी आवाजात कानाला बेस आणि अगदी वरचा भाग कमीच ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलेली गोष्ट आहे ही. म्हणजे घरी हळू आवाजात जो टोन मस्त गुबगुबीत लावला तोच गणपतीच्या कार्यक्रमात ५० वॅटवर लावला की नुसता ढब्ब ढब्ब. त्यामुळे घरचा टोन आणि बाहेरचा टोन वेगवेगळे सेव्ह करायचे. जागा चारच आहेत, दोन बँक आणि प्रत्येकात दोन चॅनल, घरापुरतं पुरते, ज्याला पन्नास टोन लागतात त्याला मुळात काय वाजवायचं हेच ठरलेलं नसते असं माझं मत आहे, राग मानू नका.

आवाजाबद्दल. पाच प्रकार आहेत, अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड आणि ब्राउन. क्लीन एकदम झकास, याच्यासाठीच पैसे वसूल, थोडा रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमार) टाकून नेक पिकअपवर, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या पिकअपवर, वाजवत बसलं की चहा गार होतो. क्रंच मला सगळ्यात जास्त आवडतो कारण हाताप्रमाणे वागतो, हळू मारलं की साफ, जोरात मारलं की फाटतो, गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला की परत साफ. नवीन पोरं इथेच फसतात, गेन (आवाज किती फाटेल त्याचा नॉब) पूर्ण फिरवून ठेवतात आणि मग सगळे अ‍ॅम्प सारखेच वाजतात म्हणतात. ब्राउन हा बॉसच्याच महागड्या वाझा हेडवरून (हेड म्हणजे स्पीकर वेगळा असलेला अ‍ॅम्प) घेतलेला प्रकार, जोरात मस्त, पण अर्ध्या वॅटवर दाट आणि थोडा कोंडल्यासारखा वाटतो, मिडल वाढवा आणि गेन उतरवा तेव्हा माणसात येतो. अकूस्टिक बघून कोणी समजू नका की इलेक्ट्रिक गिटार लाकडी गिटारसारखी वाजेल, ते पिकअप बसवलेली अकूस्टिक गिटार लावण्यासाठी आहे.

इफेक्टची बटणं दाबली की दिव्याचा रंग बदलतो, हिरवा, लाल, पिवळा, प्रत्येक रंगात एक वेगळा इफेक्ट ठेवलेला. दिसायला सोपं, पण कोणत्या रंगात काय आहे ते बदलायचं असलं तर लॅपटॉपला जोडून बॉस टोन स्टुडिओ हे कंपनीचं सॉफ्टवेअर उघडावं लागते. इथे माझी तक्रार आहे. अ‍ॅम्पच्या अंगावर जेवढं दिसते त्याच्या कितीतरी पट आत आहे आणि ते सगळं सॉफ्टवेअरच्या कुलपात. नॉइज सप्रेसर (मागची घरघर दाबणारा) लावायचा, जोडा लॅपटॉप. इक्वलायझर बारीक करायचा, जोडा लॅपटॉप. ज्याला लॅपटॉपचा कंटाळा आहे त्याला अर्धाच अ‍ॅम्प मिळतो.

आता रेकॉर्डिंग, आणि इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. एप्रिल लागला की घराघरात खिडकीला कूलर, आणि पारा ४५ च्या पुढे गेला की कोणाची हिंमत आहे कूलर बंद करून खोलीत बसायची? अ‍ॅम्पसमोर माइक लावून रेकॉर्ड करायचं म्हटलं की त्यात कूलरची घरघर, पाण्याची टपटप, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी सगळं येते. गिटार थांबली की मागचा कूलर असा वर येतो जसा बँडचा चौथा मेंबर आहे. कटानाला मागे यूएसबी आहे, प्रिंटरला लागते ती चौकोनी पिनवाली केबल, ती लॅपटॉपला लावली की अ‍ॅम्प स्वतःच साउंड कार्ड होतो, माइक नको, आणि मास्टर शून्यावर आणला तरी आवाज लॅपटॉपमध्ये जातो. कूलर फुल स्पीडवर, मी बनियानवर, ट्रॅक एकदम स्वच्छ. मला विचाराल तर घरच्या रेकॉर्डिंगसाठी या अ‍ॅम्पचा खरा गुण हाच, ते पाच प्रकार आणि साठ इफेक्ट नंतर.

फक्त विंडोजवर केबल लावायच्या आधी बॉसच्या साइटवरून ड्रायव्हर टाकून घ्या, नाहीतर लॅपटॉप काहीतरी ओळखल्यासारखं करतो आणि आवाज तुटत राहतो. यूएसबीवर रेकॉर्ड करण्याचा अजून एक फायदा असा की वाजवताना तुम्ही स्वतःला अ‍ॅम्पमधूनच ऐकता, लॅपटॉपमधून फिरून आलेला आवाज ऐकावा लागत नाही. प्लगइनवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअर अ‍ॅम्पवर, वाजवायचं तर बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पलवर ठेवला तरी एका बाजूचे जवळपास ३ मिलिसेकंद जातात, वर येण्या-जाण्याचे बाकीचे, जुन्या लॅपटॉपवर १२८ झेपत नाही मग ५१२ करा आणि तार छेडल्यावर आवाज मागून चालत आल्यासारखा येते. कटानावर ती भानगडच नाही, फक्त डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा नाहीतर दोनदा ऐकू येईल.

पण अडचण पण ऐका. माइकची जागा या अ‍ॅम्पला नाही. म्हणजे गाता गाता गिटार वाजवून दोन्ही एकत्र रेकॉर्ड करायचं असलं तर बसा डोकं धरून, कारण विंडोजवर एएसआयओमध्ये (रेकॉर्डिंगसाठीच्या ड्रायव्हरच्या पद्धतीत) एका वेळी साधारण एकच डिव्हाइस चालते, अ‍ॅम्प निवडला की इंटरफेस गेला. मग आधी गिटार, नंतर आवाज, असं दोनदा करा. ज्यांचं मुख्य काम गाणं आहे आणि गिटार साथीला आहे, त्यांना मी हा अ‍ॅम्प घेऊ नका असंच सांगतो, दोन इनपुटचा साधा इंटरफेस घ्या. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे प्लगइन फुकट मिळते आणि खरं सांगू का, नुसतं रेकॉर्डिंगच ऐकायचं असलं तर चांगल्या कॅप्चरवर (खऱ्या अ‍ॅम्पच्या घेतलेल्या नकलेवर) ते कटानाच्या यूएसबीपेक्षा भारी वाजते. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येते. हेडफोनवाल्यांना मी इंटरफेस म्हणतो ते याच्यामुळे.

हेडफोनचंच निघालं तर, भोक मोठ्या पिनचं आहे, मोबाईलचे इअरफोन लावायला छोटा अडॅप्टर लागतो, सीताबर्डीवर कुठेही मिळते. पिन घातली की स्पीकर बंद होतो. आवाज वाईट नाही, पण स्पीकरसमोर बसल्यावर जी हवा अंगावर येते ती अर्थातच येत नाही, आणि हवा नसली तर बारा इंची स्पीकरचे पैसे कशाला दिले.

हम, म्हणजे विजेच्या घुंघुं आवाजाबद्दल बरेच जण विचारतात. सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार घेऊन कूलरच्या मोटरजवळ बसाल तर घूंsss येणारच, त्यात अ‍ॅम्पचा दोष नाही, गिटार घेऊन खुर्ची थोडी थोडी फिरवून बघा, एका दिशेला आवाज एकदम पडतो, तिथे बसा. पंख्याचा जुना रेग्युलेटर आणि डिमर पण कुरकुर घालतात. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वाळून खडखडीत होते, आमच्या बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनने खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं आणि हम बराच उतरला. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरला लावून वाजवणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे, असं करू नका बे, तारा धातूच्या आहेत आणि त्या तुमच्या हातात आहेत.

दुसरे पर्याय पण बघा. यामाहाचा टीएचआर१० टू टेबलावर ठेवायचा, दोन छोटे स्पीकर, कमी आवाजात कटानापेक्षा गोड वाजतो, त्यावर मोबाईलची गाणी पण मस्त ऐकू येतात. एखाद्याला कधीच ड्रमरसोबत वाजवायचं नसेल तर मी तोच सुचवतो. फेंडरचा मस्टँग एलटी२५ आठ इंची, छोटा, स्क्रीन आहे, शिकणाऱ्या पोरांना बरा. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क अ‍ॅपवर चालतो, ज्याला मोबाईल हातातून सुटत नाही त्याला आवडेल. ड्रमरसोबत हॉलमध्ये उभं राहायचं झालं तर या सगळ्यांमध्ये कटानाच टिकतो, आणि साडेअकरा किलोच्या आसपास वजन आहे, अ‍ॅक्टिव्हाच्या पायदानावर गुडघे बाहेर काढून नेता येतो.

घेताना दुकानात एक गंमत होते. सदरमधल्या एका दुकानात मला पहिल्या मिनिटाला ५० वॅटवर फुल लीड लावून दिला, सगळं दुकान बघायला लागलं, मी पण खूश. पण तो आवाज तुम्ही घरी कधीच लावणार नाही. दुकानदाराला सांगा, दादा अर्ध्या वॅटवर लावा आणि मास्टर खाली घ्या, आणि त्या आवाजात दहा मिनिटं वाजवा, तेव्हा कळेल घरी काय मिळणार आहे. आपली स्वतःची गिटार घेऊन जा.

अमेरिकेतला कोणी नातेवाईक आणून देतो म्हणाला तर आधी मागच्या स्टिकरचा फोटो मागवा, तिकडचा माल १२० व्होल्टचा असते आणि आपल्याकडे २३०. सेकंडहँड घेत असाल तर लॅपटॉप आणि केबल सोबत न्या, टोन स्टुडिओ आधीच टाकून ठेवा, यूएसबी ओळखते का बघा, पॉवर कंट्रोल तिन्ही टप्प्यांवर फिरवा, प्रत्येक नॉब हळू फिरवताना खरखर येते का ऐका, हेडफोनच्या भोकात पिन घालून हलवून बघा. आणि विकणारा जर म्हणाला की लॅपटॉप कशाला, एकदम ओके आहे भाऊ, तर तिथेच दोन हजार कमी करायला सांगा.