वायरचं की बॅटरीचं? दोन्ही ड्रिल मशीन वर्षभर वापरल्यावर

घरासाठी एकच ड्रिल मशीन घ्यायचं असेल, आणि घर आपल्या साताऱ्यात बांधतात तसं असेल, तर वायरचं घ्या. वर्षाहून जास्त काळ मी दोन्ही वापरतेय. एक बॉशचं ५०० वॅटचं, १३ एमएम चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा) इम्पॅक्ट मशीन, आणि दुसरं १२ व्होल्टचं बॅटरीवरचं, तेही हॅमरवालं, म्हणजे फिरता फिरता ठोके देणारं. हातात जास्त वेळा बॅटरीचंच येतं. तरी माझं मत वायरच्या बाजूनं आहे, कारण आधी भिंत बघायची, मशीन नंतर.

गोडोलीतला आमचा फ्लॅट म्हणजे आरसीसीचे कॉलम-बीम आणि मधे विटा. विटेत कुठलंही मशीन चालतं. खरी परीक्षा पडद्याच्या रॉडची. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचा लिंटल असतो आणि रॉडचे ब्रॅकेट नेमके तिथेच येतात. भोक पाडताना भुकटीकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला गिलाव्याची करडी भुकटी येते. मग लाल झाली की वीट लागली, काळजी मिटली. करडीच येत राहिली, बिट पुढं सरकेना आणि मशीनचा आवाज चढला, की समजायचं काँक्रीट आहे. हॉलच्या खिडकीवर बॅटरीचं मशीन पाऊण इंच आत गेलं आणि मग जागच्या जागी फिरत राहिलं. बिट तापून निळसर पडलं. त्याच भोकात नवं बिट लावून वायरचं मशीन घातलं, बाजूची मूठ धरून अंगचा भार दिला, आणि गिट्टी (स्क्रू पकडणारी प्लॅस्टिकची खुंटी) बसेल एवढं भोक मिनिटाभरात झालं. एखाद्या ठिकाणी दोन्ही मशीन अडतात, तिथं सळई असते. सिमेंटचं बिट सळई कापत नाही, अर्धा इंच सरकून नवं भोक घ्यावं.

हा फरक का पडतो? इम्पॅक्ट मशीनमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत उड्या मारतात, त्यातून ठोके बसतात. म्हणजे फेरे जितके जास्त तितके ठोके जास्त. माझं वायरचं मशीन मिनिटाला अडीच हजारांच्या पुढं फिरतं, बॅटरीचं दीड हजाराच्या आसपास. शिवाय बॅटरीत साठा केवढा? १२ व्होल्ट म्हणून विकली जाणारी बॅटरी तीन सेलची, प्रत्यक्षात १०.८ व्होल्टची. २ अँपिअर-अवर धरले तर साधारण साडेएकवीस वॅट-अवर होतात. ५०० वॅटचं मशीन पूर्ण ताकदीनं खेचलं तर एवढी वीज अडीच मिनिटांत संपेल. १८ व्होल्टची मशीन पुष्कळ दमदार असतात, पण वर्षातून चार-दोनदा भिंतीला भोक पाडणाऱ्या घरानं तेवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

मंगळवार पेठेतल्या काकांच्या जुन्या घराची गोष्ट वेगळी. खाली काळ्या दगडाची भिंत, वर पांढऱ्या मातीचं बांधकाम. काळ्या दगडात माझं वायरचं मशीनही रडकुंडीला येतं. तिथं भाड्यानं रोटरी हॅमर आणावा. त्यात हवेच्या दाबावर दट्ट्या स्वतःच ठोके देतो, आपण रेटायचं काम नाही. वरच्या मातीच्या भिंतीत मात्र हॅमर बंद करूनच भोक पाडावं, नाहीतर माती ढासळून भोक दुप्पट होतं आणि गिट्टी फिरत बसते. काकू म्हणाल्या, "अगं, देवघराच्या फळीला लाकडी खुंटीच ठोक," आणि त्यांचं बरोबर होतं. ती फळी अजून हललेली नाही.

आता बॅटरीच्या मशीनचं कौतुक, आणि ते मनापासून आहे. कपाटाचे बिजागरे, पलंगाचे स्क्रू, मुलाच्या टेबलाची जोडणी, या कामांत त्याला तोड नाही. चकच्या मागच्या रिंगवर आकडे असतात. आकडा कमी ठेवला की स्क्रू बसताच मशीन कट्कट् आवाज करून सुटतं, प्लायवूडमध्ये स्क्रू आत रुतत नाही. माझ्या वायरच्या मशीनला ही सोय नाही. वजनालाही हे हलकं, एका हातानं स्क्रू धरून दुसऱ्या हातानं चालवता येतं. पावसाळ्यात वीज गेलेली असताना गच्चीवरच्या पत्र्याचे सैल स्क्रू मी यानंच आवळले.

तक्रार बॅटरीचीच. दोन मिळाल्या होत्या, त्यातली एक वर्षाच्या आत निम्म्यावर आली. मशीनला वॉरंटी वर्षाची, बॅटरीला सहा महिन्यांची, हे बिलाच्या मागं बारीक अक्षरात होतं. नवी बॅटरी घ्यायची तर किंमत ऐकून जीव हळहळतो. न वापरताही या बॅटऱ्या जुन्या होतात. पूर्ण चार्ज करून उन्हाळ्यात माळ्यावर ठेवू नका, निम्म्या चार्जवर घरातल्या थंड कपाटात ठेवा, आणि पार उतरलेली कधीच ठेवू नका. वायरचं मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी चालतं. त्यात झिजतात ते मोटरचे कार्बन ब्रश, आणि ते थोडक्या पैशांत बदलून मिळतात.

वायरचं घेणार असाल तर खोक्यात बाजूची मूठ आहे ना, हे दुकानातच उघडून बघा. बिट सळईत अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं, तिथं ती मूठच वाचवते. एक्स्टेन्शनची वायर जाड घ्या, बारीक आणि लांब वायरीवर मशीनचा जोर कमी पडतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक घेऊ नका, आतून विजेच्या वायरींचा पाइप गेलेला असतो. मशीनबरोबर येणाऱ्या बिटांवर विसंबू नका. सहा आणि आठ एमएमची चांगली सिमेंटची बिटं वेगळी घ्या. आणि चष्मा घ्याच, लिंटलचं भोक डोक्याच्या वर असतं आणि सगळी भुकटी डोळ्यांत येते.